एकतिसावी गाडी

तीस गाड्या तपासून व्हायला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी सकाळी प्रणोती शेवाळेने यंत्राची पेटी उघडली, हातमोजे चढवले आणि शेडच्या कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे बोट दाखवलं.

"आता ती एक राहिली, काका."

सुहास उजागरे पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभा होता. "ती बंद गाडी आहे," तो म्हणाला. "ती सोडा."

"सोडता येत नाही. चालू असो की बंद, पेट्रोलचं इंजिन आहे म्हणजे वारसा वाहन म्हणून नोंदणी हवी आणि नोंदणी हवी म्हणजे तपासणी हवी. नाहीतर एकतीस मार्चनंतर भंगारात. तिसरा रस्ता नाही." प्रणोती पुण्याहून आली होती. हा तिचा ह्या वर्षातला नववा जिल्हा. हे वाक्य तिने इतक्या जणांना ऐकवलं होतं, की त्यात आता राग नव्हता आणि दयाही नव्हती.

सुहासने तांब्या खाली ठेवला आणि ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. गाठी सुटेनात. शेवटी कापाव्या लागल्या.

खाली काळी बुलेट होती. जुन्या घडणीची, चालवणाऱ्याची सीट वेगळी, मागे बसणाऱ्याची वेगळी, दोन्हींखाली जाडजूड स्प्रिंगा. पुढचं चाक मुरडलेलं, हँडल डावीकडे वळून तसंच राहिलेलं. बाकीच्या तीस गाड्यांवरून पांढरा रुमाल फिरवला असता तर तो पांढराच राहिला असता. हिच्यावर मात्र अठ्ठावीस वर्षांत कोणी फडकं मारलं नव्हतं.

"अपघाताची?"

"हो."

"त्यानंतर कधी चालवली? दुरुस्ती, काही?"

"टेंपोतून आणली, इथे उभी केली. मग हात लावला नाही."

"मग हिचं अगदी स्वच्छ वाचता येईल," प्रणोती म्हणाली. तिला ती चांगलीच बातमी वाटत होती.

भिंगारच्या अलीकडे, पूर्वी सरकीची वखार होती त्या जागेत, ह्या एकतीस मोटरसायकली उभ्या होत्या. बुलेट, येझ्दी, राजदूत, लष्कराच्या लिलावात घेतलेल्या दोन. सगळ्या जमवल्या होत्या सुहासच्या थोरल्या भावाने, शमुवेलने. शमूदादा गेला तेव्हा सुहास एकतीस वर्षांचा होता. आता एकोणसाठचा होता आणि मधली सगळी वर्षं त्याने ह्या शेडमध्ये काढली होती.

गाडी ठेवणं म्हणजे नुसती उभी करणं नव्हे. टाकीत पेट्रोल राहिलं तर त्याचा डिंक होतो, म्हणून ते काढायचं. कार्बोरेटर रिकामा करायचा. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर तेल सोडायचं आणि किक हळूच मारायची, म्हणजे पिस्टन सिलिंडरला चिकटत नाही. चाकं जमिनीवर टेकू द्यायची नाहीत, खाली लाकडी ठोकळे द्यायचे आणि आठवड्याला चाक थोडं फिरवायचं. सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबायचा, नाहीतर उंदीर आत घर करतात. एकतिसाव्या गाडीला हात लावायचा नाही, उरलेल्या तिसांना हे सगळं करायचं. तिसावी संपेपर्यंत पहिलीची वेळ परत आलेली असे. गेल्या दोन-तीन वर्षांत सुहासची कंबर इतकी धरत होती, की एका गाडीपासून उठून दुसरीपाशी बसताना तो मधल्या स्टुलाचा आधार घेई. पण आठवडा चुकला नव्हता.

प्रणोतीने यंत्राचे सपाट, तळहाताएवढे डोळे काळ्या बुलेटच्या सांगाड्यावर चिकटवायला सुरुवात केली.

लोखंडाची तार एकाच जागी चार-सहा वेळा वाकवून पाहिली की ती तिथे ताठ होते आणि मग तुटते. तार वाकली हे ती विसरत नाही. धातूच्या आत अणूंच्या रांगा असतात, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारख्या. वजन पडलं, धक्का बसला, पीळ पडला की एखादी रांग जरा सरकते आणि वजन काढून घेतलं तरी पुरती जागेवर येत नाही. पुढचा धक्का तिच्यात आणखी गुंता करतो. हे शास्त्रज्ञांना शंभर वर्षांपासून ठाऊक होतं. नवं एवढंच झालं, की हा गुंता बाहेरून, धातू न कापता, क्ष-किरणांनी पाहता येऊ लागला आणि संगणक तो शेवटच्या टोकाकडून उलटा सोडवू लागला. कुठला धक्का आधीचा, कुठला नंतरचा, किती किलोचा, कुठल्या बाजूने. ह्याला धातुस्मृती म्हणत. गाडी रोज वापरात असेल तर जुन्या खुणांवर नव्या खुणा चढतात आणि फार मागचं वाचता येत नाही. पण एखादी गाडी एका दिवशी थांबली आणि पुन्हा कधी चाललीच नाही, तर तिची शेवटची पाच-दहा मिनिटं जशीच्या तशी राहतात.

यंत्र निघालं ते पुलांसाठी. पुलाच्या तुळया किती थकल्यात हे कळावं म्हणून. मग ते विम्याकडे गेलं, कोर्टात गेलं, शेवटी जुन्या गाड्यांच्या नोंदणीलाही सक्तीचं झालं. चार वर्षांत माणसांना कळून चुकलं, की पाळणा, जिना, लिफ्ट, सायकल, घरातलं सगळं लोखंड हे साक्षीदार आहे आणि त्याला उलटतपासणीची भीती नाही.

सुहासला हे माहीत होतं. म्हणूनच त्याने ही गाडी मागे ठेवली होती. तिच्यात काय लिहिलेलं असणार हेही त्याला माहीत होतं, किंवा तसं त्याला वाटत होतं.

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी त्याने त्या गाडीचा मागचा ब्रेक आवळला होता. ब्रेकच्या सळईच्या टोकाला एक नट असतो, तो फिरवून ब्रेक कमी-जास्त करतात. दादाने सांगितलं, जरा घट्ट कर. त्याने केला. दुसऱ्या दिवशी दुपारी शमूदादा आणि करुणावहिनी तिच्या माहेरी, तिसगावला निघाले आणि करंजीचा घाट उतरताना गाडी वळणावर सरळ गेली. दादा जागीच गेला. वहिनी वाचली, कारण दादाने आपलं हेल्मेट तिच्या डोक्यात घातलं होतं. गाडी आणली तेव्हा ब्रेकची सळई लोंबकळत होती आणि नट नव्हता. वहिनी शुद्धीवर आल्यावर एवढंच म्हणाली, "ब्रेक लागला नाही." पंचनाम्यातही तेच आलं.

सुहासच्या वडिलांनी, मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते ते, त्याला विचारलं, "नट तूच आवळला होतास ना?" पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मरेपर्यंत त्यांनी त्याच्या हातचं जेवण घेतलं, औषध घेतलं, पण त्याने चालवलेल्या गाडीवर ते कधी बसले नाहीत. दवाखान्यातही रिक्षाने गेले. सुहास तेव्हा चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर होता. ती नोकरी त्याने सोडली. राहुरीच्या मोनिकाशी ठरलेलं लग्न तिच्या भावांनी मोडलं आणि त्यानेही धरून ठेवलं नाही. अर्पणा, दादाची मुलगी, सहा वर्षांची होती. घरात एक पुरुष हवा होता आणि शेडमध्ये दादाच्या गाड्या होत्या.

ह्या सगळ्यात एक करुणावहिनी तेवढी त्याच्याशी कधी वाकडं बोलली नाही. दादाला माती दिल्यावर चौथ्या दिवशी, सगळ्या नातेवाइकांसमोर ती म्हणाली होती, "भाऊजींना कोणी काही बोलायचं नाही. मी त्यांना माफ केलंय." त्या एका वाक्यावर सुहासने पुढचं आयुष्य उभं केलं होतं.

दुपारी प्रणोतीने त्याला हाक मारली. ती स्टुलावर बसून पडद्याकडे पाहत होती.

"काका, ही कोण चालवत होतं?"

"माझा भाऊ."

"वजन काय असेल त्यांचं?"

"पंच्याहत्तर. का?"

तिने पडद्यावरचं एक पान मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. "सीटच्या स्प्रिंगा सगळ्यात चांगल्या वाचल्या जातात," ती म्हणाली. "पुढच्या सीटवर अठ्ठेचाळीस ते एक्कावन्न किलो आहेत. मागच्या सीटवर चौऱ्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर. शेवटचे दोन-अडीच किलोमीटर. त्याच्या आधी उलटं होतं. म्हणजे घाटात कुठेतरी थांबून दोघांनी जागा बदलल्या."

सुहासने शेडच्या दाराची चौकट धरली. बाहेर लिंबाची पानं गळत होती.

"आणि ब्रेक?" त्याने विचारलं.

"ब्रेकला काही झालेलं नव्हतं. सळईचे आटे मी दोनदा वाचले. नट सैल असता तर आट्यांवर खडखडीच्या बारीक खुणा असत्या. तशा नाहीत. नट एका झटक्यात, बाजूने दगड लागून उडालाय, गाडी पडल्यावर." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही केलं होतं का हे काम? चांगलं केलं होतं."

त्याने वाकून सळईच्या टोकावरून बोट फिरवलं.

"एकच मला कळत नाही. ब्रेकचं पेडल दाबलेलंच नाही. एकदाही नाही. गिअरच्या दांड्यावर मात्र शेवटच्या काही सेकंदांत तीन दणके आहेत. वरून खाली, पूर्ण ताकदीने."

तिला कळत नव्हतं, कारण तिने तसली गाडी कधी चालवली नव्हती. सुहासला कळलं. जुन्या बुलेटला ब्रेक डाव्या पायाला असतो आणि गिअर उजव्या; हाताचा ब्रेक नावापुरता. येझ्दीला, राजदूतला, बाकी सगळ्यांना ब्रेक उजव्या पायाला. येझ्दीवर शिकलेलं माणूस घाबरलं की उजवा पाय दाबतं. आणि त्या बुलेटचा गिअरचा दांडा खाली दाबला की गिअर वरचा पडतो. दुसऱ्याचा तिसरा, तिसऱ्याचा चौथा. उतारावर इंजिनाने गाडी धरून ठेवायची ती आणखी मोकळी सुटते. जितका जोरात ब्रेक दाबावा तितकी ती पळणार.

करुणावहिनी येझ्दीवर शिकली होती. दादानेच शिकवलं होतं, ह्याच शेडमागच्या मैदानात.

"अहवाल नोंदवायला महिनाभर आहे," प्रणोती पेटी आवरत म्हणाली. "नोंदवला की तो वारसा वाहनांच्या नोंदवहीत जातो, कोणीही वाचू शकतं. नको असेल तर ह्या गाडीचा नोंदणीचा अर्ज मागे घ्या. गाडी भंगारात जाईल आणि अहवाल पुसला जाईल." जाताजाता दारात ती थांबली. "काका, मी फक्त वाचते. काय करायचं ते माझ्या हातात नसतं."

त्याला वाटलं होतं, असं काही कधी कळलं तर आपण रडू, नाहीतर देवाचे आभार मानू. तसलं काही झालं नाही. तो घरी गेला, पलंगावर आडवा झाला आणि छताकडे पाहत राहिला. मग राग आला. तो रागही दमलेला होता. त्याने चाकणची खोली आठवून पाहिली, मोनिकाचा चेहरा आठवून पाहिला. चेहरा नीट आठवेना, ह्याचाच त्याला जास्त राग आला.

दोन दिवस त्याने शेडचं कुलूप काढलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. बासष्ट वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली, पेन्सिलीसारखी सडसडीत बाई. तो समोर खुर्ची ओढून बसला.

"वहिनी, त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?"

तिच्या हातातला अडकित्ता थांबला. चिंचोका सुटून परातीबाहेर गेला.

"यंत्राने सांगितलं?"

"सीटच्या स्प्रिंगांनी."

"मी," ती म्हणाली. तिने हातातली चिंच परातीत ठेवली. "घाट लागला तेव्हा मीच म्हटलं, एवढा उतार मला द्या. रोज येझ्दी चालवते, हिला काय झालं? ते हसले. म्हणाले, तुझ्या माहेरच्यांसमोर मिरवायचंय होय. हेल्मेट काढून माझ्या डोक्यात घातलं, गाडी दुसऱ्या गिअरात टाकून दिली, म्हणाले, ह्यातच उतरव, आणि मागे बसले."

"मग सांगितलं का नाही?"

"शुद्धीवर आले तेव्हा तुमचे पप्पा उशाशी होते. कसं झालं विचारलं. मी म्हटलं, ब्रेक लागला नाही. त्यापुढे कोणी काही विचारलंच नाही, भाऊजी. पप्पांनी नाही, पोलिसांनी नाही. बुलेट बाई चालवत असेल हे कोणाच्या मनातच आलं नाही. मग पप्पा तुमच्याकडे वळले. मला कळत होतं. पण मी चालवत होते म्हटलं असतं तर त्यांनी अर्पणाला ठेवून घेतलं असतं आणि मला तिसगावला धाडलं असतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता वर्ष गेलं. वर्षानंतर सांगायचं तर वर्षभर का सांगितलं नाही, तेही सांगावं लागतं."

सुहास तिच्या हातांकडे पाहत होता. चिंचेने बोटं काळी झाली होती.

"पण एक ऐका," ती पुढे वाकून म्हणाली. "बायबलवर हात ठेवून सांगते. ब्रेक खरंच लागला नाही. मी तीनदा दाबला. उभी राहून दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी आणखीच सुटली. तुमच्याकडून नट ढिला राहिला असेल. माणूस आहे, होतं. चालवणारी मी होते हे मी लपवलं, ते माझं पाप. पण तुम्हाला माफ केलं ते खोटं नव्हतं. ते मी मनापासून केलं होतं."

सुहासला आठवले ते तीन दणके. तिला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ती त्याचा गुन्हा पदरात घेऊन त्याला जेवायला वाढत होती.

"मग ब्रेक का लागला नाही, ते आलं का त्यात?" तिने विचारलं.

"ते यायचंय अजून," तो म्हणाला आणि उठला.

पुढचे पाच-सहा दिवस तो सकाळी शेडमध्ये जायचा आणि एखाद्या गाडीपाशी बसून राहायचा. सांगायचं नाही, असं त्याने दोनदा ठरवलं. अर्ज मागे घ्यायचा, गाडी भंगारात घालायची. म्हातारपणी तिच्या डोक्यावर कशाला हे ओझं? पण जेवायला बसलं की ती भाकरी वाढायची, कालवण वाढायची आणि तिच्या नजरेत तीच जुनी माया असायची, माफ केलेल्या माणसावरची. पूर्वी ती त्याला उबेसारखी वाटे. आता घास उतरेना. एकदा तिने विचारलं, "आलं का काही?" त्याने नाही म्हटलं आणि त्याच्या लक्षात आलं, की अर्धं सांगून अर्धं ठेवायचं, हेच तर तिने केलं होतं. आणि ते किती सोपं होतं.

त्या दुपारी तो तिला शेडमध्ये घेऊन गेला. दादा गेल्यापासून तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. काळ्या बुलेटपाशी नेऊन तो म्हणाला, "बसा."

"कशाला?"

"बसा, वहिनी. मी धरतो."

तिने साडी आवरली, त्याच्या खांद्याला धरून पाय पलीकडे टाकला आणि बसली. स्प्रिंगा कुरकुरल्या.

"पाय ठेवा. आता ब्रेक दाबा. त्या दिवशी दाबला तसा."

तिने उजवा पाय दाबला. दांडा गंजून बसला होता, हलला नाही. तिने पुन्हा दाबला.

"तो ब्रेक नाही," सुहास म्हणाला. "तो गिअर आहे. ब्रेक ह्या बाजूला आहे. ह्या गाडीला डाव्या पायाला असतो."

तिने खाली पाहिलं. उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. सुहासने गाडी धरली होती. त्याला हे हळू सांगता आलं असतं, घरात, खुर्चीवर बसवून, पाणी देऊन. त्याने तसं सांगितलं नाही. आणि का नाही, हे त्याला माहीत होतं.

"म्हणून पळाली ती," वहिनी म्हणाली. मग अगदी लहान आवाजात, "त्यांनी मागून ओरडून सांगितलं होतं. डावा, डावा म्हणत होते. मला वाटलं, डावीकडे वळव म्हणतायत."

तो तिला उतरवायला पुढे झाला, तर तिने त्याचा हात घेतला नाही. एकटीच उतरली आणि घराकडे चालत गेली.

त्या संध्याकाळी तिने अर्पणाला नाशिकला फोन करून सगळं सांगितलं. दार लावून बोलत होती. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "ठेवला तिने. तिला वेळ लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहास शेडमध्ये गेला, तर वहिनी आधीच तिथे होती. जुनी साडी, डोक्याला फडकं. पहिल्या येझ्दीपुढे पाट टाकून बसली होती.

"ह्यातला प्लग कसा काढायचा?"

"वहिनी, उठा तिथून."

"दाखवा, नाहीतर मी मोडीन काहीतरी."

त्याने दाखवलं. प्लग कसा काढायचा, तेल किती सोडायचं, किक हाताने कशी दाबायची. ती शाळेतल्या बाईसारखी वहीत लिहून घेई. दोन दिवसांत त्याने विचारायचं सोडून दिलं. तो दारात खुर्ची टाकून बसू लागला. आत ती पाट सरकवत एका गाडीपासून दुसरीकडे जायची. चाकं फिरवायची, बोळे बदलायची, आटे पुसायची. संध्याकाळी उठताना तिला स्टुलाचा आधार घ्यावा लागायचा. तो पाहायचा. करू दे, त्याला वाटायचं. कळू दे. हा विचार मनात येतो ह्याची त्याला लाज वाटायची, पण तो यायचा. आणि शिवाय तो फार दमला होता. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तो खुर्चीवर नुसता बसला होता.

असे दोन आठवडे गेले. एकदा दुपारी ती कार्बोरेटरचा लहान स्क्रू बसवत होती. स्क्रू खाली पडला. तिने शोधून उचलला, पुन्हा बसवायला गेली, पुन्हा पडला. चौथ्यांदा तो घरंगळत ठोकळ्याखाली गेला, तेव्हा ती जमिनीवर पालथी पडून हात आत घालू लागली. पांढरे केस धुळीत. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. सुहासला आधी वाटलं, प्रार्थना म्हणतेय. जवळ गेल्यावर ऐकू आलं. ती आकडे म्हणत होती. सतरावी, अजून तेरा.

तोही असेच आकडे म्हणायचा.

"पुरे," तो म्हणाला.

"होतंय."

"वहिनी, पुरे. उठा."

"तुम्ही अठ्ठावीस वर्षं केलंत," ती खालूनच म्हणाली. "मी अठ्ठावीस दिवससुद्धा केलं नाही."

"म्हणूनच सांगतोय. मी करून पाहिलंय ना? ह्यात काही फिटत नाही. तिसावी झाली की पहिली येते." त्याने खाली वाकून तिच्या बगलेत हात घातला आणि तिला उठवून बसवलं. त्याच्या कमरेतून कळ गेली. दोघंही जमिनीवरच बसली, भिंतीला टेकून, धापा टाकत.

"मला ह्या गाड्या आवडत होत्या की नाही, तेच मला माहीत नाही," थोड्या वेळाने तो म्हणाला. "दादाला आवडायच्या. मी कधी विचारलंच नाही स्वतःला."

"मला आवडायच्या," ती म्हणाली. "फार."

तळेगावजवळ सरकारने जुन्या वाहनांचं एक आगार उघडलं होतं. तिथे अशा गाड्या ठेवत, शिकाऊ मुलांकडून त्यांची निगा राखत आणि ज्यांना परवाना आहे त्यांना वर्षातले बारा रविवार चालवायला देत. सुहासने त्यांना फोन केला. सगळ्या घेता का? त्यांनी विचारलं, किती आहेत? तो म्हणाला, एकतीस. काळीसकट.

ट्रक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आले. आदल्या दिवशी अर्पणाही नाशिकहून आली. आईशी ती फारसं बोलली नाही. काकाच्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर बसली, म्हणाली, "काका, तुम्ही माझ्या गॅदरिंगला कधी पहिल्या रांगेत बसला नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला आवडत नाही." तो म्हणाला, "मागून नीट दिसायचं." मग ती रडली आणि रडून झाल्यावर आईला मदत करायला स्वयंपाकघरात गेली.

गाड्या चढवायला चार तास लागले. आगाराचा अधिकारी, चाळिशीचा एक शांत माणूस, ओसरीवर कागद घेऊन बसला होता. तीस गाड्यांच्या सह्या पटापट झाल्या. एकतिसाव्या गाडीला त्याने वेगळा कागद काढला.

"हिचा अपघात नोंदवलाय. तपासणी अहवाल जोडलाय, पण अहवालात फक्त वजनं असतात, नावं नसतात. दोन रकाने तुम्हाला भरावे लागतील. नाही भरले तरी चालतं, रिकामे राहतील."

त्याने कागद सुहासपुढे सरकवला. 'अपघातसमयी चालक.' सुहासने पेन घेतलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पुसत बाहेर आली, त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि खुर्चीवर न बसताच, वाकून, शाळेतल्या सुबक अक्षरात लिहिलं: करुणा शमुवेल उजागरे. अर्पणा दारातून पाहत होती.

मग तिचं पेन पुढच्या रकान्यावर थांबलं. 'कारण.' जागा बरीच सोडलेली होती, पाच-सहा ओळी बसतील एवढी.

"इथे काय लिहू, भाऊजी?" तिने वर न पाहता विचारलं.

बाहेर ट्रकवाल्याने फळी आपटून लावली. सुहासने त्या कोऱ्या ओळींवरून नजर फिरवली.

"पाय चुकला, असं लिहा," तो म्हणाला. "बाकी काही लिहू नका."